घट्ट चाकूला जोर नको, सफाई हवी

नवा घडीचा चाकू उघडताना नख मोडायची वेळ आली की ‘माल खराब निघाला’ म्हणून आपण मोकळे होतो. बिनखटक्याच्या चाकूत पाठीमागची पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर सतत दाब देत असते. पाते जागच्या जागी राहते ते त्या दाबामुळेच, म्हणून थोडा घट्टपणा हवाच. मात्र हा दाब म्हणजे कुलूप नव्हे; पात्याच्या पाठीवर जोर पडला तर ते बोटांवर मिटू शकते.

खरा त्रास बहुधा सांध्यात अडकलेल्या भुकटीचा असतो. पॉलिश करताना उरलेली ही पूड काढल्याशिवाय ‘वापरून वापरून सैल होईल’ म्हणत बसू नये, कारण तीच पोलाद घासत राहते. पाते अर्धे उघडून सांधा गरम साबणपाण्याने, जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पाते सावकाश उघडमीट करा. काळे तेल बाहेर येते. ते पुसायचे, पुन्हा थेंब सोडायचा, आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचे. फळे कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन बरे.

खोबरेल मात्र नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठते आणि डिसेंबरात आपल्या ठाकुर्लीच्या रात्री त्याहून थंड असतात. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे तेल तर हवेने हळूहळू चिकट होते. गॅसमागच्या फरशीवर बसतो तसाच थर सांध्यात बसतो. जवसाचे तेल सुकून घट्ट होते म्हणून लाकडी मुठीला उत्तम, आणि नेमके म्हणूनच सांध्यात घालू नये. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला, घाण सुटायला चांगले, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो. त्यानंतर तेल द्यावेच लागते.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे पट्टी गॅसवर तापवून ‘नरम’ करायची. पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ते पुन्हा चढवणे घरी जमत नाही. रिव्हेटवर हातोडी मारली तर सांधा आणखी आवळतो.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. उल्हास खाडीच्या काठच्या आपल्या दमट हवेत लाकडी मूठ फुगते आणि पाते खाचेत आवळते. फ्रान्सच्या साव्हॉय भागात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूंचीही हीच तऱ्हा. तिथले लोक आधी पाते अडवणारी कडी मोकळी करतात, मग मुठीचे टोक टेबलाच्या कडेवर ठोकतात. झटक्याने पाते जरासे वर येते आणि चिमटीत धरता येते. अशा फुगलेल्या मुठीत तेल ओतून उपयोग नाही. चाकू उघडा ठेवून पंख्याखाली दोन-चार दिवस वाळू द्यावा. भर उन्हात ठेवला तर मूठ तडकण्याची भीती असते.