मासा उलटा तरंगू लागला तर

कुत्रे आजारी पडले तर दवाखाना गाठला जातो. घरातील काचेच्या टाकीतला मासा आजारी पडला की हौशी मनुष्य बहुधा स्वतःच वैद्य होतो. काही धाडसी मंडळी तर सुईच हाती घेतात. हे धाडस कितपत योग्य, याचा येथे विचार करावयाचा आहे.

गोल्डफिशचेच उदाहरण घेऊ. ओरांडासारख्या गोलमटोल जातींत मासा पोट वर करून तरंगू लागण्याचा विकार पुष्कळदा आढळतो. माशाच्या शरीरात वायूने भरलेली एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. गोल्डफिशमध्ये तिचे दोन कप्पे असून एका बारीक नळीने ती अन्ननलिकेला जोडलेली असते. वायू जास्त झाला, तर सुईने तो काढून घ्यावा, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण वायू का साठला? बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातली गाठ किंवा मुळातला बेढब बांधा, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि बाहेरून ते कळत नाही. कारण कायम राहिले तर पिशवी पुन्हा भरते. शिवाय वाताशयाला लागूनच मूत्रपिंड असते; सुईच्या वाटेने जंतू आत जातात ते निराळेच. पशुवैद्य हे काम करतो तेव्हा क्ष-किरण चित्र पाहतो, माशाला भूल देतो. ती साधने नसताना टोचणे याला मी उपचार म्हणणार नाही. दोन-तीन दिवस उपास आणि मग सोललेला, शिजवलेला वाटाणा, हा जुना उपाय निदान अपाय तरी करीत नाही.

अंगावर पांढरे ठिपके दिसताच औषधाची मात्रा दुप्पट करणारेही असतात. हा परजीवी ठिपक्याच्या रूपात असतो तेव्हा माशाच्या त्वचेखाली सुरक्षित असतो. औषध कितीही जालीम असो, तेथे पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, त्याची शेकडो पिल्ले सुटतात, आणि ती पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणजे येथे उपयोग नेमाने, पुनःपुन्हा दिलेल्या बेताच्या मात्रेचा. मात्रा चुकते ती बहुधा हिशेबात: ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी ५४ लिटरांची खरी, पण वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरही भरत नाही!

मग घाई कधी करावी? नळाचे पाणी थेट ओतल्यावर मासे तडफडू लागले, तर क्लोरीन कल्ले जाळीत आहे असे समजावे. येथे थांबणे हाच धोका. छायाचित्रकारांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन तत्काळ निष्प्रभ करतो. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, तेव्हा औषध नव्हे, हवेचा पंप हवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. अशा वेळी फॉर्मेलिन टाकले तर ते उरलेला प्राणवायूही कमी करते.

राहता राहिला वाचण्याची आशाच नसलेला मासा. त्याच्यावर प्रयोग करीत बसण्यापेक्षा लवंगेचे तेल बरे. थोड्या कोमट पाण्यात ते चांगले घुसळून वेगळ्या भांड्यातील पाण्यात मिसळावे. थोड्या प्रमाणात त्याने गुंगी येते, जास्त झाल्यास श्वास थांबतो. मात्र कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान १० मिनिटे मासा त्याच पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर तो पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो.