कोट्यवधींचा कॅनव्हास : किंमत नेमकी कशाची?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक तैलचित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले गेले. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. आहेत ते फक्त रंग. बातमी वाचून "यात एवढे आहे तरी काय?" असा प्रश्न पुष्कळांना पडला असेल. आपल्यासाठी हा प्रश्न थोडा घरचाच आहे. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, आणि तेव्हा बालाघाट व नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. म्हणून विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही हे कोडे जरा उलगडून पाहावे.

आधी अमूर्त चित्र म्हणजे काय ते पाहू. सतार ऐकताना आपण "हे कशाचे चित्र आहे?" असे विचारत नाही. सूर चढतात, उतरतात, थांबतात आणि आपल्याला काहीतरी जाणवते. अमूर्त चित्रकार रंग, रेषा आणि पोत यांच्याकडून तेच काम करून घेतो. १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को आदी चित्रकारांनी ही वाट धरली. तिला अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणतात. गायतोंडे १९६४ साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, रॉथ्कोलाही भेटले. पण आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना आवडत नसे. ते त्यांना वस्तुनिरपेक्ष म्हणत.

विक्रीच्या यादीत चित्राखाली कधी कधी 'मिश्र माध्यम' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ साधा आहे : चित्र एकाच प्रकारच्या रंगाने केलेले नाही. तैलरंग, ॲक्रिलिक, कागद, कापड, वाळू, डिंक असे काहीही त्यात एकत्र येऊ शकते. पोलॉकच्या १९४७ च्या एका चित्रात रंगाच्या थरांखाली खिळे, बटणे, नाणी आणि किल्लीसुद्धा आहे. गायतोंड्यांची गाजलेली चित्रे कॅनव्हासवरच्या तैलरंगातली, पण करण्याची रीत वेगळी. ते ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून रूळ फिरवत आणि रंग सुरीने खरवडून काढत. एकावर एक चढलेल्या थरांतून प्रकाश आल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. वर्षाकाठी त्यांची पाच-सहा चित्रेच पूर्ण होत. बाकीचा वेळ ते विचार करीत बसत. आळस नव्हता तो. तीच त्यांची तयारी होती.

आता किंमत. लिलावात प्रत्येक चित्रासाठी आधी अंदाजे किंमत छापली जाते. विकणारा बहुधा एक राखीव किंमतही ठरवतो. बोली तिच्याखाली राहिली तर चित्र विकले जात नाही. हातोडा पडल्यावर खरेदीदाराला लिलाव करणाऱ्या संस्थेचे शुल्क वेगळे द्यावे लागते. वर्तमानपत्रात येणाऱ्या आकड्यात ते बहुधा धरलेले असते. बोली कुठवर चढेल हे मात्र चित्रकाराचे नाव, चित्राचा काळ, त्याची अवस्था, आधी ते कोणाकोणाकडे होते याचा लेखी पुरावा, आणि अशी चित्रे बाजारात किती उरली आहेत, यांवर ठरते. गायतोंड्यांची चित्रे मुळातच थोडी. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले; ते अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि आकडे वर चढत गेले.

मालकीच्या पुराव्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर सय्यद हैदर रझा यांच्या अनुभवात सापडते. २००९ साली दिल्लीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. उद्घाटनाला आलेल्या रझांनी पाहिले, तर बहुतेक चित्रे त्यांची नव्हतीच! कोणी 'गुंतवणूक' म्हणून चित्र विकायला आणले, तर पालकांनी आधी कागदपत्रे मागावीत. मिश्र माध्यमाचे चित्र असेल तर आणखी सावध राहावे. कागद, कापड आणि रंग दमट हवेत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आकसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात असे चित्र ओल्या भिंतीवर टांगले, तर पोपडे सुटायला वेळ लागत नाही.

एवढ्या पैशातून चित्रकाराच्या हाती काय लागते? बहुधा काहीच नाही. चित्र एकदा विकले की पुढचा नफा पुढच्या मालकाचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. दहा हजारांहून जास्त किमतीला चित्र पुन्हा विकले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, असे ते सांगते. वाटा दहा टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. पण व्यवहारात या कलमाचा उपयोग फारसा झालेला नाही. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या एका लहानशा भाड्याच्या जागेत राहत होते. २००१ साली ते वारले. कोटींचे आकडे नंतरचे.

म्हणजे बाजारात ठरते ती दुर्मीळ वस्तूची किंमत. चित्रकार घडतो तो दुसरीकडेच, आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात आहे. रझांचे वडील वनखात्यात होते; त्यांचे बालपण तिथल्याच जंगलात गेले. ककैयाच्या प्राथमिक शाळेत या चंचल मुलाचे चित्त ठरत नसे. गुरुजी नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे नागपूर, मुंबई, पॅरिस असा प्रवास करून रझा साठीच्या जवळ आले, तेव्हा तो ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांत उतरला. २०२३ मध्ये त्यांच्या 'जेस्टेशन' या १९८९ च्या चित्राला ५१ कोटी ७५ लाख मिळाले. २०१६ साली रझा वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन करण्यात आले.

परीक्षा जवळ आली की पहिली कात्री लागते ती चित्रकलेच्या तासाला. "चित्रे काढून पोट भरते का?" हा पालकांचा प्रश्नही खोटा नाही, गायतोंड्यांचे आयुष्य पाहिले तर तो अगदी खरा आहे. पण त्या तासाला मूल एक गोष्ट नक्की शिकते : एका जागी बसून नीट पाहायला. डॉक्टर, सुतार, शेतकरी, शिक्षक, कोणीही झाले तरी ती उपयोगाचीच. तेव्हा पालकांनो, गणिताच्या तासाची जशी चौकशी करता, तशी चित्रकलेच्या तासाचीही करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी असे 'न समजणारे' चित्र समोर आले, तर किंमत विचारण्याआधी पाच मिनिटे गप्प बसून त्याच्याकडे पाहा.