निकामी पाट पुन्हा वाहता करताना

कोल्हापूर जिल्हा हा पाण्याचा जिल्हा होय. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. दक्षिणेकडे दूधगंगा व वेदगंगा वाहतात. असे असूनही गावोगावी हिंडताना गवताने भरलेला, काठ ढासळलेला एखादा लहान पाट दृष्टीस पडतोच. मुखाकडील शेतात ऊस डोलत असतो आणि त्याच पाटाच्या शेवटी असलेला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पाणी आहे, पाटही आहे. परंतु त्याच्या बांधापर्यंत ते पोहोचत नाही.

जुने काम टाकून न देता ते उपयोगात आणण्याची परंपरा या भूमीत आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०२ साली संस्थानचे पाटबंधारेविषयक धोरण ठरविले व विहिरी आणि तलाव यांची पाहणी करविली. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे त्यांनी सुरू केलेले काम मध्यंतरी थांबले, पण सोडून दिले गेले नाही; १९५० नंतरच्या दशकात ते पुरे झाले. धरणाचे पाणी नदीत सोडून जागोजाग अडविणारे ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ पुढे राज्यभर पसरले. या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढावयाचे आणि पाऊस सरताच घालावयाचे असतात. एवढी गोष्ट चुकली तर भक्कम दगडी खांबही निरुपयोगी ठरतात. पाटाचेही तसेच आहे. त्याचे आयुष्य बांधकामापेक्षा निगेवर अधिक अवलंबून असते.

पाट निकामी का होतो?

पाट एका दिवसात निकामी होत नाही. प्रथम तळाशी गाळ बसतो. गाळावर लव्हाळा व बेशरम माजते, पाण्याचा वेग मंदावतो आणि त्यामुळे आणखी गाळ बसतो. खेकड्यांच्या व उंदरांच्या बिळांतून काठ पाझरू लागतात. दगडी बांधकामात पिंपळाची मुळे शिरतात. मुखाकडील कोणी काठ फोडून पाणी घेतो. पाणी न मिळालेला शेवटचा शेतकरी साफसफाईस येईनासा होतो. माणसे कमी झाली की गाळ वाढतो आणि गाळ वाढला की माणसे आणखी कमी होतात.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील जुनी फड पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांतून निघणारे पाट शेतकरीच सांभाळीत. शिवाराचे फड पाडून एका फडात एकच पीक घेत, आणि पाणी देण्यास पाटकरी व राखणीस जागल्या नेमीत. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, खाजगी विहिरी वाढल्या आणि अनेक ठिकाणी ही व्यवस्था मोडली. विहीर असणाऱ्यास पाटाची गरज उरली नाही. नसणाऱ्यास मात्र दुसरा आधार नव्हता.

दुरुस्तीचा क्रम

१. पाहणी : ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसह मुखापासून शेवटापर्यंत पाट पायी पाहावा. गळती, अतिक्रमण व मोडलेल्या मोऱ्या यांची यादी करावी. पाटाची हद्द भूमि अभिलेखाच्या नकाशावरून ठरवावी आणि संबंधित विभागाची परवानगी घ्यावी.

२. उतार : पारदर्शक नळीच्या पाणसळीने तळाची पातळी तपासावी. मातीच्या लहान पाटास साधारणतः हजारास एक एवढा उतार पुरतो. उतार अधिक झाल्यास तळ खरवडतो, कमी झाल्यास गाळ साचतो.

३. गाळ : तो शेवटाकडून मुखाकडे काढीत यावे, म्हणजे साचलेले पाणी कामाच्या जागी न तुंबता पुढे निघून जाते. काढलेला गाळ काठावर टाकू नये; पहिल्याच वळवाने तो पुन्हा पाटात येतो. मातीपरीक्षण करून योग्य असल्यास तो हलक्या जमिनीस द्यावा.

४. काठ : बिळे खणून उघडी करावीत व ओली माती ठासून बुजवावीत. भर सुमारे वीतभर जाडीच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसावा. काळ्या मातीस उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून तिच्यावर मुरमाचा थर द्यावा.

ही कामे रोहिणी नक्षत्रापूर्वी उरकावीत.

निचऱ्याकडे दुर्लक्ष नको

पाट वाहू लागला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. शिरोळ तालुक्यात अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे मोठे क्षेत्र खारपड झाले. तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून ती सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु ते काम खर्चाचे आहे. म्हणून पाट दुरुस्त करतानाच निचऱ्याचे चर मोकळे करावेत आणि उसास पाणी मोजूनच द्यावे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर चरांची सफाई किती आवश्यक आहे हे नदीकाठच्या गावांस सांगावयास नको.

व्यवस्था कोणाची?

राज्यात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्याखालील पाणी वापर संस्थेच्या कारभारात मुखाकडील, मधल्या व शेवटच्या भागांतील शेतकऱ्यांना स्थान आहे. जेथे कायदा लागू होत नाही अशा लहान पाटावरही हेच तत्त्व पाळावे. पाळीपत्रक चावडीवर लावावे, पाटकऱ्याचे वेतन सर्वांनी मिळून द्यावे आणि वर्षातून एकदा साफसफाईस प्रत्येक खातेदाराने यावे.

दुरुस्तीनंतरची पहिली पाळी शेवटच्या शेतास द्यावी, अशी आमची सूचना आहे. मुखाकडील शेतकऱ्यास दोन दिवस थांबावे लागेल, हे खरे. परंतु पाणी शेवटपर्यंत पोहोचले तरच दुरुस्ती खरी झाली की नाही हे कळते. आणि ज्याच्या शेतात पाणी पोहोचले, तो पुढील वर्षी फावडे घेऊन न बोलावता येतो.