जमीन कसली सगळ्यांनी, कागद एकाच्या नावाचा



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत सातबाऱ्यावर नाव लावण्याचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "हे आपल्याकडेच असं. परदेशातल्या बायकांचं बरं असेल." तेव्हा मला अमेरिकेतल्या इंगल्स कुटुंबाची गोष्ट आठवली. ती सांगते.

१८६२ साली अमेरिकेच्या सरकारने होमस्टेड कायदा केला. थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमीन धरायची, तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, शेत कसायचं. मग जमीन आपल्या नावावर. जमिनीच्या आशेने असंख्य कुटुंबं गाडीत संसार भरून पश्चिमेकडे निघाली.

पण ती जमीन काही रिकामी नव्हती. तिथे आधीपासून मूळ रहिवासी राहत होते. चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स १८६९ मध्ये कॅन्ससला गेले, ती जमीन ओसेज लोकांची होती. पुढे ओसेज लोकांनाच ती सोडून जावं लागलं. एकाला जमीन मिळाली ती दुसऱ्याची जाऊन, हेही विसरायला नको.

इंगल्स कुटुंब तिथेही टिकलं नाही. मग ते मिनेसोटाला गेले, तर तिथे टोळधाडीने उभा गहू खाल्ला. चार्ल्स मजुरीसाठी पायी लांब गेला. मागे घर, जनावरं आणि तीन मुली कॅरोलाइनने एकटीने सांभाळल्या. १८७६ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा वारला. १८७९ मध्ये आजारपणात मोठ्या मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी ते डाकोटात, डी स्मेट या गावी आले आणि १८८० मध्ये चार्ल्सने जमिनीचा अर्ज केला.

त्याच हिवाळ्यात एकामागून एक बर्फाची वादळं आली. रेल्वे कित्येक महिने बंद पडली. दुकानात माल नाही, जळण नाही. घरातल्यांनी गवत पिळून त्याच्या घट्ट काड्या केल्या आणि त्या चुलीत जाळल्या. कॉफी दळायच्या छोट्या हातयंत्रात गहू दळून भाकरी केली. सगळे आळीपाळीने दळत होते. दुसरी मुलगी लॉरा हिने पुढे किशोरवयातच शाळेत शिकवायला सुरुवात केली. तिच्या पगारातून अंधशाळेत शिकणाऱ्या मेरीच्या खर्चाला हातभार लागला.

आता कागदाचं बघू. कायद्यात एक गोष्ट फार चांगली होती. एकवीस वर्षं पूर्ण झालेली अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावाने जमीन मागू शकत होती. लॉराची शिक्षिका आणि पुढे नणंद झालेली एलायझा जेन वाइल्डर हिने लग्नाआधी डी स्मेटजवळ अशी जमीन धरली होती. पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला हा हक्क नव्हता. कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. म्हणून कॅरोलाइनने कितीही राबलं तरी अर्ज चार्ल्सचाच. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, म्हणजे शिकलेली होती. तरीही.

पुढे चार्ल्सने शेत विकलं आणि ते गावातल्या घरात राहायला गेले. १९०२ मध्ये तो वारला. कॅरोलाइन त्यानंतर बावीस वर्षं जगली, मेरीला सोबत घेऊन.

हे सगळं आपल्याला कळतं ते लॉरामुळे. तिचं पहिलं पुस्तक १९३२ मध्ये छापून आलं, तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती. सरकारी कागदावर बाप दिसतो. आईचं दळणं, शिवणं, रात्र रात्र जागणं मुलीने लिहिलं म्हणून दिसलं.

म्हणून ताईंना माझं उत्तर असं, की परदेशातही असंच होतं. बायकांचे कष्ट कमी पडले नव्हते, नियमात त्यांची जागा नव्हती. नियम माणसंच करतात, ते बदलतातही.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. घरचा सातबारा काढून बघा. त्यावर कुणाकुणाचं नाव आहे, ते गटात सांगा. वाचता येत नसेल तर घेऊन या, आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक