रिपोर्टातलं वय आणि खरं वय

रक्त तपासून ‘बायोलॉजिकल एज’ सांगतो, अशा जाहिराती आता इंदूरकरांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. बासष्टीच्या माणसाच्या रिपोर्टात अडुसष्टचा आकडा आला की घरचे सगळेच धसकतात. उरलेलं आयुष्य सहा वर्षांनी घटलं, असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नाही.

हे वय ज्या एपिजेनेटिक बदलांवरून काढतात, ते म्हणजे जनुकं बिघडणं, ही समजूतही चुकीची आहे. डीएनएचा मजकूर तसाच राहतो. त्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात, सुटतात, आणि कोणतं जनुक किती काम करणार हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरतं. वयाबरोबर हे गट काही जागी वाढतात, काही जागी घटतात. स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 मध्ये अशा 353 जागांवरून वय ओळखण्याचं गणित मांडलं. गणित गाजलं, पण निम्म्या नमुन्यांत अंदाज साडेतीन वर्षांहून जास्त चुकला होता. हजारो माणसांचा कल त्यातून छान दिसतो. एकट्या माणसाला मात्र त्या आकड्यावरून घाबरवू नये.

मिथाइलच्या या खुणा कायमच्याही नसतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरचं मिथाइल ठळकपणे घटतं. सिगारेट सोडली की ते वर्षांगणिक हळूहळू भरून येतं.

सर्वांत मोठी गफलत होते ती अभ्यास वाचताना. आज तिशीतल्या आणि सत्तरीतल्या इंदूरकरांचं रक्त घेतलं आणि खुणांमध्ये फरक सापडला, तर तो सगळा वयाचाच म्हणता येईल का? सत्तरीतल्या माणसाने कदाचित हुकुमचंद मिलमध्ये कापसाच्या धुळीत उमेदीची वर्षं घालवली असतील. 1991 मध्ये मिल बंद पडली तेव्हा त्याचा रोजगार गेला, आणि थकबाकीसाठी कामगारांना 2023 पर्यंत वाट पाहावी लागली. तिशीतल्याने यातलं काहीच भोगलेलं नाही. इथे वय आणि पिढी एकमेकांत मिसळतात. वय वाढलं की रक्तातल्या पेशींचं प्रमाणही बदलतं, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

म्हणून त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी 1993 पासून हेच करत आले आहेत: आधी गरोदर बायकांचा आहार आणि रक्त, मग त्यांच्या मुलांची वाढ. आईच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मिथाइल गट तयार व्हायला ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. म्हातारपणाचा अभ्यास गर्भापासून करायला हवा, असं मला वाटतं ते यामुळेच.

देशपातळीवर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ या वाढत्या वयाच्या पाहणीत 45 वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त जणांची माहिती घेतली. मध्य प्रदेशही त्यात आहे. तिच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात साठीपुढच्या काहींच्या मिथाइल खुणाही मोजल्या गेल्या. वय ओळखण्याची सुरुवातीची बरीच गणितं पाश्चात्त्य नमुन्यांवर बेतलेली होती. ती आपल्या रक्ताला कितपत लागू पडतात, हे आता तपासता येतं.