दारावरचे वर्गीकरण

पाण्याची रिकामी बाटली हाती घेतली असता ती आपल्याला एकच वस्तू वाटते. भंगाराचा धंदा जाणणाऱ्या बाईला मात्र तीत तीन वस्तू दिसतात. बाटलीचे अंग ज्याला व्यवहारात ‘पेट’ म्हणतात त्या प्लास्टिकचे, झाकण पॉलिएथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, आणि कमरेभोवतीचा छापील पट्टा बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पापुद्र्याचा. पुण्यातील एका वर्गीकरणाच्या शेडमध्ये मी पाहिले ते असे : बाईने झाकण पिळून एका गोणीत टाकले, पट्टा नखाने फाडून बाजूला सारला, बाटली टाचेखाली चेपून तिसऱ्या ढिगात भिरकावली, आणि हे सर्व शेजारणीशी चाललेल्या बोलण्यात खंड न पडता इतक्या सहज उरकले की यात काही विद्या असेल अशी पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये.

विद्या आहे, आणि ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शोभावी अशी आहे. पेटची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट असल्यामुळे त्याचे तुकडे पाण्यात बुडतात, पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन हलकी असल्यामुळे तरंगतात, आणि पुनर्निर्मितीचे कारखाने याच गुणाचा लाभ घेऊन हौदात त्यांची फारकत करतात. परंतु पीव्हीसी नावाचे प्लास्टिकही पेटप्रमाणेच बुडते. तेथे हौदाचा इलाज चालत नाही. पेट वितळविण्यास सुमारे 260 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि तेवढ्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन जो हायड्रोजन क्लोराइड सुटतो तो पेटच्या लांबलचक रेणुशृंखला तोडून टाकतो. दहा हजार भागांत एक भाग एवढी भेसळही माल ठिसूळ व पिवळा करण्यास पुरेशी ठरते. हातांना हा भेद कळतो : पीव्हीसीची बाटली दुमडली की दुमडीवर पांढरी रेघ उमटते, पेटच्या बाटलीवर तशी उमटत नाही. दुधाची पिशवी ताणली असता मुकाट्याने लांबते, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टण चुरगाळले असता कुरकुरते. बोटे, कान आणि वर्षानुवर्षांचा सराव एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो.

आता प्रश्न असा की, मिसळलेले वेगळे करणे एवढे महाग का पडावे? ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की मिश्रण आपोआप होते, पृथक्करणाला मात्र मोल द्यावे लागते. तथापि या नियमाचा हिशेब बादलीभर कचऱ्याला लावून पाहिला तर मौजेची गोष्ट आढळते : बाटल्या, पुठ्ठे आणि केळीची साले निवडण्यास तत्त्वतः लागणारी ऊर्जा इतकी क्षुल्लक निघते की ती जमाखर्चात धरण्याचेही कारण नाही. खर्च होतो तो दुसऱ्याच दोन ठिकाणी. कोणती वस्तू काय आहे हे ओळखण्यात, आणि मिसळल्यामुळे जे बिघडले ते निस्तरण्यात. आमटीत भिजलेली रद्दी वाळविली तरी रद्दीच्या भावाने जात नाही.

ओळखण्याच्या या किमतीवर पदार्थवैज्ञानिकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे. 1867 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात एका सूक्ष्म जीवाची कल्पना मांडली. दोन कप्प्यांमधील दारावर बसून तो वेगवान रेणू एका बाजूला आणि मंद रेणू दुसऱ्या बाजूला सोडतो, आणि त्यामुळे काहीही कष्ट न होता एक कप्पा तापतो व दुसरा निवतो. नियमाला दिसायला तरी सुरुंग लागला. 1929 मध्ये लिओ झिलार्ड याने दाखवून दिले की रेणू ओळखणे हेच काम आहे. पुढे 1961 मध्ये रॉल्फ लँडाउअर याने आणि नंतर चार्ल्स बेनेट याने हा हिशेब आणखी काटेकोर केला, आणि मिळविलेली माहिती पुसून टाकताना ऊर्जेचे मोल भरावेच लागते असे सिद्ध केले. सारा पेच दारावरचा तो कामगार बिनमोबदल्याने राबतो असे गृहीत धरल्यामुळे पडला होता.

आपल्या नगरपालिकांनीही कित्येक दशके नेमके हेच गृहीत धरले. रस्त्यावरच्या कचराकुंडीत हात घालून कागद, काच आणि पत्रा वेचणाऱ्या बायका शहराचा केवढा तरी भार डेपोवर जाण्यापूर्वीच उतरवीत होत्या. परंतु पालिकेच्या दप्तरी त्यांची नोंद नव्हती, पोलिसांच्या लेखी त्या संशयित होत्या, आणि कुत्र्यांचे चावे व फुटक्या काचांच्या जखमा त्यांच्या एकटीच्या. पुण्यात हे चित्र पालटण्यास 1993 मध्ये प्रारंभ झाला. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने या वेचकांपर्यंत पोहोचल्या होत्या. हमालांची संघटना उभारणाऱ्या बाबा आढावांचा अनुभव पाठीशी होता. आणि त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पंचायतीच्या ओळखपत्रांवर महापालिकेने शिक्कामोर्तब केले, ही गोष्ट वरवर किरकोळ दिसली तरी सरकारी कागदाचे वजन जाणणाऱ्यांना तिचे महत्त्व सांगावयास नको. 2008 मध्ये वेचकांची स्वतःची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ हिने महापालिकेशी करार केला आणि वेचक कुंडीवरून दारावर आली. संस्थेच्या सभासदांची संख्या पुढे तीन हजारांच्या वर गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणी दलित समाजातल्या.

कुंडीपासून दारापर्यंतचे हे अंतर शास्त्रदृष्ट्या फार मोठे आहे, कारण दारात कचरा अजून मिसळलेला नसतो. ओळखण्याचे अर्धे काम ज्या घरात भाजी चिरली जाते त्या घराला आधीच ठाऊक असते. ते ज्ञान बादलीत फुकट नासू न देणे एवढेच करावयाचे असते. आणि अर्थव्यवहाराची तजवीजही मला त्याच कारणाने शहाणपणाची वाटते. केवळ भंगाराच्या भावावर जगणारा मनुष्य भाव असलेलीच वस्तू उचलणार. भाताची शिते आणि फाटकी चिंधी तो का उचलील? येथे प्रत्येक घराकडून दरमहा सेवाशुल्क वसूल होते आणि सुक्या मालाच्या विक्रीचा हक्कही वेचकेकडेच राहतो. पहिल्या उत्पन्नामुळे बिनमोलाचे उचलले जाते, दुसऱ्यामुळे मोलाचे नासत नाही. याउलट वजनावर मोबदला ठरविलेल्या मक्त्यात मक्तेदाराचा फायदा कचरा जड आणि ओला राहण्यातच असतो, आणि दाबयंत्राच्या मोटारीत सगळे एकत्र चेपले गेले की पुढे कोणाला काही निवडता येऊ नये अशीच सोय होते. शहाणी माणसे असले करार का करतात हे मला आजतागायत उमगलेले नाही.

ओल्या कचऱ्याचे गांभीर्य उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांना विचारावे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या हद्दीत साचला, झिरपणाऱ्या घाण पाण्याने विहिरी बाधल्या, आणि डेपो बंद करा या मागणीसाठी त्यांना पुनःपुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. ढिगाच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील सूक्ष्मजीव अन्नाचे मिथेन करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवितो. तोच कचरा गृहसंस्थेच्या आवारात वाळल्या पाल्याबरोबर थर देऊन रचला, कर्बाचे प्रमाण नत्राच्या पंचवीस-तीस पट राखले आणि वरचेवर खालीवर केला, तर हवेत जगणारे जीवाणू त्याचे खत करतात. कित्येक सोसायट्यांत हे कामही वेचकच करतात.

सगळेच मात्र हातांनी सुटत नाही. वेफर्सच्या पुडीत प्लास्टिकच्या थरावर ॲल्युमिनियमचा थर असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा पातळ. हे मिश्रण कारखान्यातच पक्के झालेले असते, आणि दारावरच्या कितीही कसबी बाईला ते उकलता येत नाही. म्हणून त्या पुडीला भंगारात भाव नाही. वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची तऱ्हा याहून वाईट, कारण ते उघडे टाकलेले असले तर वेचकेच्या हाताला थेट रोगजंतूंचा संसर्ग. त्यावर ‘स्वच्छ’ने सुचविलेली युक्ती साधी आहे : ते वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि पुडक्यावर ठळक लाल ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहण्याची गरजच उरत नाही. येथे ओळखण्याचा खर्च टाकणाऱ्याने पेनच्या एका टिंबात उचलावयाचा. वेष्टणाची जबाबदारी निर्मात्यांनी घ्यावी म्हणून 2013 मध्ये वेचकांनी वापरलेले नॅपकिन बांधून खुद्द कंपन्यांकडेच पाठविले होते. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांत निर्मात्याने प्रत्येक पाकिटाबरोबर विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी असे कलम आले. त्यानंतरही नॅपकिन गुंडाळण्यासाठी पुण्यातल्या घरांत जुनी वर्तमानपत्रेच कामी येत राहिली.