फोन ठाण्यात, डेटा कुठे?

इमॅजिन करा. ट्रॅफिक पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात, ठाण्यात नेतात आणि म्हणतात, 'फोन इथे ठेवा.' तुम्ही स्विच ऑफ करून ठेवता. पासकोड कोणी विचारत नाही, तुम्हीही सांगत नाही. काही वेळाने फोन परत. सुटलो बुवा!

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्बियातल्या एका पत्रकाराचं साधारण असंच झालं. फक्त फोन हातात आल्यावर त्याला मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद केलेले दिसले. दिवसभरात कुठलं अ‍ॅप किती वापरलं हे मोजणारं एक अ‍ॅप त्याच्याकडे होतं (आपण ते हौसेने टाकतो आणि आकडा बघून आठवड्यात काढून टाकतो!). त्यात दिसलं की फोन 'बंद' असतानाच्या वेळात भलतीच अ‍ॅप्स चालू झाली होती.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने फोन तपासला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रिपोर्ट काढला. सेलेब्राइट या इस्रायली कंपनीच्या टूलने फोन उघडला होता. वर नोव्हीस्पाय नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअरही टाकलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेलेब्राइटने सर्बियातल्या काही ग्राहकांसाठी आपलं टूल बंद केलं.

हे टूल करतं काय? चार आकडी पासकोड म्हणजे १० हजार शक्यता, सहा आकडी म्हणजे १० लाख. मशीनला हे किरकोळ आहे, पण काही चुकांनंतर फोन अडून बसतो. टूल केबलमधून शिरतं, सॉफ्टवेअरमधली फट शोधतं आणि हा पहारेकरीच बाजूला करतं. फोन चालू असून नुसता लॉक असेल तर काम आणखी सोपं, कारण एकदा अनलॉक केलं की किल्ल्या मेमरीतच राहतात. म्हणून तर अ‍ॅपलने २०२४ मध्ये, तीन दिवस अनलॉक न झालेला आयफोन आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय केली.

पोलिसांना हे हवंच कशाला, असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोत १४ जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन उघडायचं टूल बनवायला अ‍ॅपलने नकार दिला, तेव्हा २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्यांकडून तो उघडून घेतला. असा तपास नको कोण म्हणेल? पण फोन त्यांच्याकडे असताना काय झालं, हे बघणार कोण? सर्बियात ते एका फुटकळ अ‍ॅपमुळे कळलं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या फोन-लॅपटॉप जप्तीसाठी गाइडलाइन्स करा, असं सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. पण हा कॅमेरा जप्तीपुरता. पुढे लॅबमध्ये काय होतं ते त्यात येत नाही. तिथे उपयोगी पडते हॅश व्हॅल्यू. ही डेटाच्या कॉपीची बोटांची खूण. एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात जाणाऱ्या सर्टिफिकेटमध्ये आता ती लिहावी लागते. कधी वेळ आलीच, तर वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा: कॉपी कधी काढली, आणि हॅश त्याच दिवशी घेतली का?

आणि हो, तुमचा पासकोड अजून जन्मसालच आहे का?